घडीवर बेतलेलं घर

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. माझ्या मावशीनं यातली पहिली गोष्ट केलीच नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "मापात बसला नाही कुणी." दुसरी गोष्ट मात्र तिनं अशी काही करून पाहिली, की आमच्या गल्लीत नुसता विषय निघाला तरी लोकांचा चहा नाकातून बाहेर येतो.

मावशी कपडे शिवते. गळ्यात टेप, मनगटाला टाचण्यांची गादी आणि कानामागे खडू, याशिवाय तिला कुणी पाहिलेलं नाही. सगळी गल्ली तिला टेपमावशी म्हणते. माणूस भेटलं की ती आधी त्याचे खांदे बघते, मग तोंड. माझा नवरा पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्याकडे एकदाच पाहून तिनं निकाल दिला, "डावा खांदा उतरलाय. बाकी मुलगा बरा आहे." तो अजून आरशासमोर खांदा वर करून उभा राहतो.

तिच्या दुकानासमोर एक रिकामा प्लॉट होता. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला चार मजली इमारत, आणि मध्ये गुडघाभर गवत, एक फुटकं बेसिन आणि मांजरांची पंचायत. मशीनवर बसून मान वर केली की हा प्लॉट दिसायचा. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या माणसानं रोज एवढी रिकामी जागा बघितली तर डोकं फिरणारच. एक दिवस तिनं तो प्लॉट घेतला आणि मला फोन करून म्हणाली, "कापड घेतलंय. आता बेतायचं."

आता आईबद्दल सांगते, कारण ही सगळी उठाठेव तिच्यासाठी होती. आई मावशीपेक्षा मोठी. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. म्हणजे आम्ही म्हणायचो राहायला आली, तिच्या लेखी ती पाहुणीच होती. फ्रीज उघडायचा तरी विचारायची. आम्ही उठायच्या आत सोफ्यावरचं आपलं अंथरूण असं आवरून ठेवायची, की तिथं कुणी झोपलं होतं अशी शंकाही येऊ नये. मी चिडायचे, भांडायचे, एकदा तर रडलेसुद्धा. "अगं, तुझंच घर आहे हे!" ती म्हणायची, "हो, आहेच की," आणि वर लगेच विचारायची, "जरा गॅस लावू का गं?" भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं मला.

मावशीचा हट्ट एवढाच होता, की नव्या घरात ताईनं तिच्याबरोबर राहायला यावं. तिनं मला स्पष्टच सांगितलं होतं, "ती आली नाही ना, तर मी त्या घरात कुलूप लावून परत खोलीत राहीन. एकटीला कशाला पाहिजे घर?" आणि ती तसं करणारी बाई आहे. इकडे आईचं म्हणणं, "धाकटीच्या घरी मोठीनं जाऊन पडायचं? तिथंही विचारूनच गॅस लावायचा, तर इथलं काय वाईट आहे?" मावशीच्या तोंडावर मात्र ती नुसतं "पाहू" म्हणायची. आईचं पाहू म्हणजे इस्त्री केलेलं नाही.

एका इंजिनिअरकडून मावशीनं रीतसर नकाशा काढून घेतला, पालिकेकडून मंजूरही करून आणला आणि ट्रंकेच्या तळाशी टाकून दिला. "तयार कपडा आहे तो," ती म्हणाली. "सगळ्यांना होतो आणि कुणालाच बसत नाही. मी माप घेऊन घर बांधणार." हे ऐकून इंजिनिअरनं "मग तुमचं तुम्हीच शिवा" असं म्हणून काढता पाय घेतला. मावशीला तो टोमणा आहे हे कळलंच नाही. तिनं त्याचे आभार मानले.

मग ती आमच्याकडे आली, आईला गाऊन शिवायचा म्हणून. आई उभी राहिली. मावशीनं खांदा घेतला, छाती घेतली, कंबर घेतली. मग म्हणाली, "आता बस." आई बसली. मावशीनं गुडघ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावली.

"हे कशाला?" आई म्हणाली.

"असू दे. आता उभी राहा आणि हात वर कर. टाच उचलायची नाही. बोटं कुठपर्यंत पोचतात?"

"मी हा गाऊन घालून डबे काढणार आहे का फळीवरून?"

"आता दोन्ही हात पसर. आता कुशीवर झोप."

"झोप?"

"पाय जरा पोटाशी घे. रात्री घेतेस तसे."

आई खरंच झोपली. मी दारात उभी राहून तोंडात पदराऐवजी नॅपकिन कोंबला होता. आईला सगळं समजलं होतं, पण तिनंही ताकास तूर लागू दिली नाही. उठली, गाऊनला किती कापड लागेल एवढंच विचारलं आणि भांडी घासायला गेली.

मावशीनं घर बेतलं ते तिच्या खाकी कागदावर. एका हाताला एक बोट असं प्रमाण धरून तिनं खोल्या आखल्या, कात्रीनं कापल्या आणि माझ्यासमोर पसरल्या. ज्यांनी कधी शिवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगाच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या की शिवणारी माणसं कागद अर्ध्याच अंगाचा कापतात. कापडाला घडी घालतात, घडीवर कागदाची सरळ कड ठेवतात, त्या कडेला खडूनं तुटक रेघ मारतात आणि कात्री चालवतात. कापड उघडलं की पूर्ण अंग तयार. मावशीला हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की सांगायचं सुचण्याचा प्रश्नच नव्हता. घरही तिनं तसंच घडीवर बेतलं. मधोमध दोन फळ्यांचं मोठं दार, त्यावर कमान, आत बोळ. बोळाच्या अलीकडे एक बाजू, पलीकडे हुबेहूब तशीच दुसरी. कागद अर्थातच एका बाजूचा. मी तिच्या मशीनखाली खेळत मोठी झालेली, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मी म्हणाले, "वा, किती ऐसपैस!"

शिवायच्या आधी ट्रायल घ्यावी लागते. म्हणून तिनं प्लॉटवर बांबू रोवले, दोऱ्या बांधल्या आणि जुन्या चादरींना टाचण्या लावून घर उभं केलं. खरोखरच्या उंचीचं. त्यातही एकच बाजू, कारण ट्रायलला कुणी दोन्ही बाह्या लावत नाही. निळ्या चादरीची झोपायची खोली, फुलाफुलांचं स्वयंपाकघर, पट्ट्यापट्ट्यांचं न्हाणीघर. लाँड्रीवाला बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, धंद्यावर उठलात का माझ्या?" आम्ही दोघी आत शिरलो, खोट्या ओट्यापाशी उभ्या राहिलो, खोट्या खिडकीतून वाकून बघितलं. मावशी कानामागचा खडू काढून चादरींवर खुणा करत होती, इथं सैल कर, इथं आत घे. इतक्यात वारा आला आणि स्वयंपाकघर सुटलं.

"स्वयंपाकघर गेलं! धरा, धरा!" मावशी ओरडत रस्त्यावर पळाली. तिच्यामागं मी. आमच्यापुढं फुलाफुलांचं स्वयंपाकघर, कधी जमिनीवर, कधी हवेत. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक फेस लावल्या तोंडानं बाहेर आलं. शेवटी बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका गंभीर गृहस्थांच्या डोक्यावर ते स्वयंपाकघर जाऊन बसलं. मावशीनं धापा टाकत ते उतरवलं, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "माफ करा हं. तुमची कॉलर पण उसवलीय. उद्या घेऊन या." ते दुसऱ्या दिवशी खरंच आले.

मावशीनं घरासाठी ठरवलेला गवंडी हा सगळा प्रकार पहिल्यापासून बघत होता. उंच, सडपातळ, सावकाश बोलणारा माणूस. मालक लोक त्याला आजवर हातवारे करून घर सांगत आले होते. कुणी खोल्या कापून हातात दिल्या नव्हत्या. त्याला मावशीबद्दल फार आदर वाटला. ते खाकी तुकडे त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरले आणि म्हणाला, "यात केसाचाही फरक पडणार नाही." तो पडला नाही, हीच तर गंमत.

पाया खणायला सुरुवात झाली आणि मावशीच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचा डोंगर आला. दिवसभर ती मशीनवर, मान वर केली की समोर काम चाललेलं. विटा आल्या, त्या एका बाजूला रचल्या गेल्या. दुसऱ्या बाजूला भिंती वर येऊ लागल्या. मी एकदा विचारलंही, "एकच बाजू का गं बांधतोय तो?"

"अगं, दोन्ही बाह्या एकदम कोण शिवतं?" ती दोरा दातानं तोडत म्हणाली. "एक लावायची, मग दुसरी. कामाची पद्धत आहे त्याला."

मला ते पटलं. आता आठवलं की वाटतं, आमच्या घराण्यात शिवण आहे पण बाकी उजेडच आहे.

एकदा मात्र ती गवंड्याला विचारून आली, की झोपायच्या खोलीच्या भिंतीत ही तिकोनी देवळी कशाला. गवंडी म्हणाला, "तुमच्या कागदावर आहे." होतीच. दोन तुकडे जुळवायला शिवणारे कागदाच्या कडेला कात्रीनं बारीक खाच मारतात, ती त्यानं मापानुसार मोठी करून इमानेइतबारे भिंतीत बांधली होती. मावशीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "राहू दे. चष्मा ठेवायला होईल." तेव्हाच आम्ही शहाण्या झालो असतो तर पुढचं टळलं असतं. पण बरंच झालं, नाही झालो ते.

गणवेश संपले, स्लॅबखालचे टेकू निघाले आणि गवंड्याचा निरोप आला, की घर बघायला या. मावशीनं ठरवलं, आज ताईला घेऊन जायचं आणि आज विचारायचंच. तिचा चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलीसारखा झाला होता. आई म्हणाली, "नुसतं बघायला येते हं. राहायचं काही बोलायचं नाही." आम्ही दोघींनी माना डोलावल्या. आज आई तोंडावर नाही म्हणाली तर मावशीला कसं सावरायचं, याचाच विचार मी वाटभर करत होते.

रस्त्यावरून घर दिसलं. एक खांब. त्यावरून कमान डौलात वर चढत गेली होती आणि ऐन माथ्यावर पोचून थांबली होती. कमानीखाली दाराची एकच फळी. फळीला लागून वरपर्यंत एक पातळ भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे विटांचा ढीग, गवत आणि मांजरं.

गवंडी हात पुसत पुढं आला. "या, या. झालं तुमचं घर. आता प्लास्टर आणि रंग."

मावशीनं कमानीवरून नजर फिरवली. "फार सफाईदार काम आहे हो. मग दुसरी कधी घेताय?"

"दुसरी काय?"

"बाही."

गवंड्यानं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं.

"अहो, दुसरी बाजू!" मावशी म्हणाली.

"ती होय? ती तुम्ही म्हणाल तेव्हा. पुढच्या वर्षी म्हणा, मुलंबाळं मोठी झाल्यावर म्हणा. विटांचे दाते सोडून ठेवलेत मी, जोडायला काही अडचण नाही."

"पुढच्या वर्षी? एक बाही लावून कुणी गिऱ्हाईक घरी पाठवतं का?"

गवंड्यानं छातीशी धरलेली पिशवी उघडली, खाकी कागद काढला आणि त्यावर बोट ठेवलं. "ही बघा तुटक रेघ. तुटक रेघ म्हणजे इथून पुढं नंतर वाढवायचं. पुष्कळ लोक अर्धंच बांधतात आधी. मी मनात म्हटलंसुद्धा, बाई अंथरूण पाहून पाय पसरतात."

"ती घडी आहे!"

"कसली घडी?"

"कापडाची!"

"घराला कापड कुठं असतं, बाई?"

मावशीनं त्याच्या डब्याखालचा वर्तमानपत्राचा कागद ओढला, घडी घातली, कमरेच्या कात्रीनं खांब, कमान, भिंत असं सरसर कापलं आणि त्याच्या नाकासमोर उघडलं. अख्खं घर. गवंडी त्या कागदाकडे बघतच राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "तरीच! विटा दुप्पट, खिडक्या दुप्पट! मला वाटलं, बाई मनानं मोठ्या आहेत. आणि दाराच्या दुसऱ्या फळीवर तर आम्ही इतके दिवस सिमेंट कालवतोय."

"सिमेंट?" मावशीचा आवाज चिरकला. "माझ्या दारावर?"

एवढ्यात आईचा आवाज आला, "अगं, मला कुणी ओढा." आम्ही बोलत होतो तोवर ती आत बघायला गेली होती. आई अंगानं भरलेली, आणि दार अर्ध्या दाराएवढं. ती आडवी होऊन शिरली होती आणि आता ना आत ना बाहेर. मी ढकलायला लागले, मावशी ओढायला लागली, गवंडी बाजूला उभा राहून "मापात काही चूक नाही" असं पुन्हा पुन्हा सांगायला लागला. आई हसायला लागली. हसली की माणूस फुगतं, त्यामुळं आणखी अडकली. शेवटी बुचासारखी सुटून बाहेर आली आणि आम्ही तिघी मातीत बसलो. आईची हसून हसून मुरकुंडी वळली होती. तिला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पाहिलं आणि मलाही आवरेना.

मावशी मात्र हसत नव्हती. ती उठून विटांच्या ढिगावर जाऊन बसली आणि तिनं डोळ्यांना टेपचं टोक लावलं. "हसू नकोस, ताई. राहिली ती तुझी बाजू होती."

आई थांबली. "माझी?"

"मग कुणाची? हे माझं, ते तुझं, मध्ये दार. तुझ्या मापाचं सगळं बेतलं होतं. ओटा तुझ्या हाताच्या उंचीचा, पलंग तू पाय पोटाशी घेतेस त्याला पुरेल एवढा. आणि नेमकं तेवढंच झालं नाही. आता कुठल्या तोंडानं तुला ये म्हणू?"

आई उठली, कपडे झटकले आणि विटांना वळसा घालून गवतात गेली. फुटक्या बेसिनपाशी उभी राहून तिनं चारी बाजूंना पाहिलं.

"म्हणजे इथं अजून काहीच नाही?"

"काहीच नाही," मावशी नाक ओढत म्हणाली.

"कुणी काही ठरवलेलं नाही?"

"मी ठरवलं होतं ना. हुबेहूब माझ्यासारखं."

"तुझ्यासारखं नको." आईनं चप्पल काढली आणि अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली. "ओटा इथं. आणि खिडकी मागं नको, रस्त्याकडे पाहिजे. तुला शांतता आवडते. मला माणसं दिसली पाहिजेत येणारी-जाणारी."

"पण ताई, मग दोन्ही बाजू सारख्या कशा दिसतील?"

"बाह्या सारख्या लागतात. बहिणींना काय झालंय?"

गवंड्यानं हळूच विचारलं, "मग नवीन कागद कापून देणार का?"

"कागदबिगद काही नको," आई म्हणाली. "मी रोज येणार आहे इथं."

गवंड्याचा चेहरा उतरला. मावशीनं टेप डोळ्यांवरून खाली घेतली. माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, आणि आलं तेव्हा मी गवंड्याचाच हात धरून नाचले. बिचारा फार अवघडला.

आई खरोखर रोज गेली. घडीची खुर्ची, डोक्याला रुमाल आणि गवंड्याच्या मागं भुणभुण. जी बाई माझ्या घरात पंखा लावायला परवानगी मागत होती, तिनं तिथं उभी भिंत पाडायला लावली, कारण तिच्या मते ती "रागावल्यासारखी दिसते." लादी मावशीकडे करडी, तर आईनं लाल घेतली. बोळातली तात्पुरती पातळ भिंत गेली आणि दाराची दुसरी फळी घासूनपुसून बसवली. सिमेंटचे डाग काही पूर्ण गेले नाहीत. खिडकी एवढी मोठी निघाली की लाँड्रीवाला म्हणाला, दुकान काढताय का. कमानीचे दोन भाग माथ्यावर भेटले खरे, पण आईकडचा जरा वरून आला. मावशी समोरच्या दुकानातून एक डोळा मिटून ते बघायची आणि तळमळायची. "उसवून परत शिवू का गं?" असं मला विचारायची. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटतं, की दोन घरं एकमेकांना धडकली आहेत.

त्या राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी मी न सांगता गेले. हातात फळांची जड पिशवी. बोळातून आईच्या खोलीशी आले आणि पाऊल उचललं, तेवढ्यात आतून ओरडा आला.

"थांब! तिथंच थांब. आत्ता फरशी पुसलीय."

"अगं, पिशवी जड आहे."

"मग खाली ठेव. माझ्या घरात ओल्या फरशीवर पाय ठेवायचा नाही कुणी."

मी पिशवी खाली ठेवली. समोरच्या खोलीतून मावशीनं डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "माझ्याकडे बस तोवर." मी नको म्हणाले. आई आतून, हात कमरेवर ठेवून, माझ्या पायांवर नजर ठेवून उभी होती, आणि मला रडू येतंय की हसू, ते मला कळत नव्हतं. लाल लादी वाळायला बराच वेळ लागला. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, आणि तिनं ये म्हटल्यावरच आत गेले.